तीस यार्ड म्हणजे नेमकं किती? धनुष्यानं शिकारीला निघालेल्या एका सोलापूरकराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचाच एक मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत विस्कॉन्सिनला आहे आणि दोन वर्षं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य मारतोय. इनडोअरला १८ मीटरवर त्याचे बाण मुठीएवढ्या जागेत बसतात. पण झाडीत लावलेल्या फोमच्या हरणांवर तोच कधी पाठीवरून बाण घालवतो, कधी पोटाखालून. सप्टेंबरात तिकडे हरणाचा धनुष्याचा हंगाम सुरू होतो. त्यानं परवाना काढलाय आणि विचारलंय, "काका, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घेतलाय. मग नजरेनं अंतर ओळखायला शिकायची खरंच गरज आहे का? आणि किती लांबपर्यंत बाण सोडला तर चालतो?"

मी त्याच राज्यात नऊ वर्षं काढली. आठवडाभर मशिन शॉप आणि हंगामात शनिवार-रविवार धनुष्य घेऊन झाडावर, असा दिनक्रम होता. आता सोलापुरात परत येऊन पोरांना धनुष्य शिकवतो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकार बंद आहे. धनुष्य असो, गलोल असो की फासा, नुसता प्रयत्न केला तरी तो शिकारीतच मोजला जातो. नान्नजच्या माळावरचं काळवीट बघायचं आणि घरी यायचं. खाली जे लिहिलंय ते तिकडच्या परवान्याच्या शिकारीबद्दल आहे. त्यातला अंतराचा आणि नेमाचा भाग फोमच्या जनावरावर धनुष्य मारणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

आता तुझं बघू. तू फोमवर चुकतोस तो हातानं नाही, डोळ्यानं. आपले ओजस देवतळे आणि अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला कंपाउंडचे जगज्जेते झाले. ओजसनं अंतिम लढतीत १५० पैकी १५० घेतले. थोर कामगिरी! पण ते ५० मीटर कुणीतरी टेप लावून आखलेले असतात. त्या खेळात हात, श्वास, वारा आणि मन यांची परीक्षा होते, अंतर हा प्रश्न पेपरातून काढूनच टाकलेला असतो. फील्ड आर्चरीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या स्पर्धेत, तो अर्धा परत येतो, कारण २४ पैकी १२ लक्ष्यांचं अंतर सांगतच नाहीत. थ्रीडीमध्ये, म्हणजे फोमच्या जनावरांच्या स्पर्धेत, तर एकाचंही सांगत नाहीत आणि रेंजफाइंडर नेऊ देत नाहीत. तुझं १८ मीटर पक्कं आहे ही चांगली गोष्ट आहे, पण ते अर्ध्या विषयात पास होणं झालं.

बाण सरळ जात नाही हे तुला माहीत आहे. किती वाकडा जातो, ते आकड्यात बघ. २८० फूट सेकंदाला, म्हणजे साधारण ८५ मीटरच्या वेगाचं धनुष्य धर. धनुष्याच्या साइटवर दर अंतरासाठी नेमाची एक खूण असते, ती पिन; आणि यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी. २० यार्डाची पिन लावलीस आणि जनावर २५ वर निघालं, तर बाण सुमारे ५ सेंटिमीटर खाली लागतो. ३० ची पिन आणि जनावर ३५ वर असेल तर ९. ४० ची पिन आणि ४५ वर असेल तर १२. हे ढोबळ आकडे आहेत, तुझ्या बाणाच्या वजनानं थोडे इकडंतिकडं होतील. पण गंमत बघ, अंतराची चूक तिन्ही वेळा पाच यार्डांचीच आहे. लांब गेल्यावर तीच चूक महाग पडते. आणि साध्या रिकर्व्हनं (चाकं नसलेल्या धनुष्यानं) मारणाऱ्यांनी तर कान पकडावेत. १८० फुटांच्या वेगाला २० ऐवजी २५ निघालं तर १५ सेंटिमीटर, ३० ऐवजी ३५ निघालं तर २२. म्हणून जुने रिकर्व्हवाले २० यार्डांच्या पलीकडं बघतसुद्धा नाहीत. त्यात भित्रेपणा नसतो, हिशेब असतो.

हे सेंटिमीटर कशाशी ताडायचे? तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची हृदय-फुप्फुसांची जागा बाजूनं बघितली तर २० ते २५ सेंटिमीटरची आहे. म्हणजे आपली एक ज्वारीची भाकरी. मी पोरांना हेच सांगतो, कारण 'सेंटिमीटर' डोळ्यासमोर येत नाही, भाकरी येते. नेम भाकरीच्या मध्यावर धरला तर चारी बाजूंनी १० ते १२ सेंटिमीटरची सूट मिळते. त्या सुटीत तुझ्या हाताची चूक, अंतराची चूक आणि जनावराच्या हालचालीची चूक, तिघींना राहायचं असतं. ३० यार्डावर तुझे बाण मधल्यापासून ७ सेंटिमीटर पसरत असतील, तर अंतराला उरले तीन ते पाच. पाच यार्डांची चूक तिथं मावत नाही.

आणि बाण गोळीसारखा नसतो. गोळी धक्क्यानंही पाडते, बाण फक्त कापतो. दोन्ही फुप्फुसांतून गेला तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. भाकरीच्या बाहेर, पोटात गेला, तर तेच जनावर तासन्‌तास तडफडतं. तुझ्या प्रश्नातलं 'चालतो का' हे मी या अर्थानं घेतो. पाच यार्ड हुकल्याचा भुर्दंड तुला बसत नाही, त्याला बसतो.

माझी एक चूक सांगतो, कारण ती अशीच चुकांची बेरीज होती. तिसरा हंगाम, ऑक्टोबरची संध्याकाळ. मक्याच्या शेताच्या कडेला ओकच्या झाडावर बसलो होतो. मादी आली, आडवी उभी राहिली, मान खाली. रेंजफाइंडर लावला. ३६. मी ३० आणि ४० च्या पिनांच्या मधल्या पोकळीत नेम धरला आणि सोडला. बाण खाली गेला. जिथं ती उभी होती तिथं पांढऱ्या केसांचा झुपका पडलेला, म्हणजे पोटाकडचे केस, आणि पानांवर थोडंसं रक्त. अर्धा तास थांबून, टॉर्च घेऊन माग काढला. दोनेकशे पावलांवर रक्त संपलं. दुसऱ्या दिवशी शेतमालक आणि मी दुपारपर्यंत ओढा पालथा घातला. ती मिळाली नाही. घरी येऊन रेंजफाइंडर हातात घेतला, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात बारीक 'एम' दिसला. मागच्या आठवड्यात ५० मीटरचा सराव केला होता आणि यंत्र मीटरवरच राहिलं होतं. ३६ मीटर म्हणजे ३९ यार्डांच्या वर. मीटर-यार्डच्या घोळामुळं सात-आठ सेंटिमीटर गेले, उरलेले माझ्या हातानं घालवले.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. मीच त्याला काय विचारलं ते विसरलो होतो. पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्याला '३६ यार्ड? हे तर चाळीसला टेकतंय' असं वाटलं असतं, तर मी एकदा थबकलो असतो. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. रेंजफाइंडरवर देखरेख ठेवायला डोळा शिकलेला हवा.

डोळा शिकवायचा कसा, हे मला कुठल्या कोचपेक्षा एका शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यानं जास्त चांगलं शिकवलं. अक्कलकोट रोडच्या पुढं एका माळावर मी पोरांना घेऊन जातो. धनुष्य न्यायचं नाही, फक्त टेप आणि वही. तिथं उस्मानाबादी शेळ्या चरत असतात. पोरांनी एकेका शेळीकडं बघून अंतर सांगायचं, वहीत लिहायचं, मग शेळीला न हुसकावता ती होती त्या जागेपर्यंत टेप ओढायची. पहिल्या दिवशी एकाच शेळीला कुणी १८ म्हणालं, कुणी ३५. एक पोरगं म्हणालं, "सर, लई लांब दिसलालंय की!" लांब म्हणजे किती, ते काही त्याला सांगता येईना.

म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होते. म्हणाले, "काय मोजलालाव?" मी सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "चार कासरं. जरा वरच." टेप लावली, २७ मीटर. मग त्यांचा कासरा मागितला. तो कमरेलाच गुंडाळलेला होता. मोजला तर साडेसहा मीटर भरला. चार कासरे म्हणजे २६.

बाबांना मीटर येत नव्हते, पण एक लांबी त्यांच्या अंगात मुरली होती. ती त्यांनी जमिनीवर चार वेळा आंथरून बघितली. एवढीच ही विद्या आहे. आपण 'तीस' हा आकडा हवेत शोधायला जातो, तिथं चुकतो. एक लांबी पक्की कर आणि तिच्या पटीत बघ.

तुझ्यासाठी ती लांबी मी सुचवतो : क्रिकेटचं पिच. स्टंपापासून स्टंपापर्यंत २२ यार्ड, २०.१२ मीटर. लहानपणापासून पार्क मैदानाच्या बाहेर टेनिस बॉलनं खेळत आलास, ती लांबी तुझ्या डोळ्यात आधीच आहे. तुझ्या पायापासून समोर मनातल्या मनात एक पिच आंथर. जनावर समोरच्या स्टंपाच्या अलीकडं असेल तर २० ची पिन, फारसा विचार नको. पलीकडं असेल तर उरलेला तुकडा पिचचा किती हिस्सा आहे ते बघ. निम्मा असेल तर ३३ यार्ड. दुसरं पूर्ण पिच मावत असेल तर ४४, आणि तिथं धनुष्य खाली.

दुसरी रीत उलटी आहे. आधी मधला बिंदू शोध. तू आणि जनावर यांच्या बरोबर मध्ये एखादं झुडूप, दगड काहीतरी निवड, तिथपर्यंतचं अंतर ओळख आणि दुप्पट कर. जवळचं अंतर डोळा नेटकं सांगतो. दोन्ही रीतींचे आकडे जुळले तर विश्वास ठेव. पाचपेक्षा जास्त फरक आला तर तुला ते अंतर माहीत नाही, असं समज.

पावलं मोजणंही पक्कं कर. टेपनं ५० मीटर आखून तीनदा चाल, नेहमीच्या चालीनं, रुबाबात नाही. माझी पावलं ६६ भरतात. बूट बदलले आणि बर्फ असला की जास्त भरतात, म्हणून तिकडे बूट घालून परत मोज.

डोळा कुठं फसतो हे सोलापुरातच सगळं दाखवता येतं. मोकळ्या सपाट माळावर मध्ये काही नसतं, तिथं शेळी आहे त्यापेक्षा जवळ वाटते. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून पलीकडच्या काठावरचा माणूस जवळ वाटतो, कारण पाण्यावर डोळ्याला टेकायला काही मिळत नाही. मध्ये ओढा किंवा खड्डा असेल, तर त्याच्यात उतरलेली जमीन दिसत नाही आणि डोळा ती मोजायचीच विसरतो. उलट, उभ्या ज्वारीच्या दोन तुकड्यांमधल्या पायवाटेनं बघितलं की तेवढंच अंतर लांब वाटतं. तुझ्याकडं झाडी तोडून केलेल्या बाणाच्या वाटा असतात ना, त्या अगदी अशाच फसवतात. दिवस मावळताना सगळंच लांब सरकतं, काळी शेळी तर जास्तच. सूर्य तुझ्या पाठीशी असेल आणि जनावर उजेडात असेल तर ते जवळ येतं. आणि हरणं येतात नेमकी पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणून सरावही त्याच वेळी कर. दुपारी बाराला ओळखलेलं अंतर संध्याकाळी सहाला कामाचं नसतं.

जनावराच्या आकारावरून अंतर काढायच्या भरीला पडू नकोस. आपला डोळा शेळीवर आणि काळविटावर घडलेला असतो. त्यांची खांद्यापाशी उंची पाऊण मीटरच्या आसपास. तिकडचं हरीण मीटरभरापर्यंत जातं. शेळीच्या मापानं बघशील तर ३५ वरचं हरीण तुला २८ वर वाटेल आणि बाण पोटाखालून जाईल. शिवाय तिकडं उत्तरेकडची हरणं धिप्पाड, टेक्साससारख्या दक्षिणेकडची बारकी, आणि शरद ऋतूत त्याच वर्षीचं पाडस एकटं उभं असलं तर मोठी मादीच वाटतं.

आता रेंजफाइंडर. तो जनावर आल्यावर वापरायची वस्तू नाही. ते आल्यावर हात हलला की ते गेलं. झाडावर चढलास, बसलास की पहिल्या दहा मिनिटांत चार दिशांच्या खुणा मोजून ठेव. तो वाकडा बर्च २२. तुटलेला बुंधा २८. कुंपणाचा तिसरा खांब ३५, म्हणजे त्याच्या पलीकडचं आपलं नाही. हे कार्डावर पेन्सिलीनं लिही आणि फांदीला अडकव. मग जनावर कुठल्या खुणेपाशी आलं एवढंच बघायचं राहतं. किरण पुढच्या गवतावर किंवा डहाळीवर आपटून परत येतो आणि जवळचा आकडा दाखवतो, म्हणून जाड खोड मोज, झुडूप मोजू नकोस. धुकं आणि पाऊस असेल तर दोनदा मोज. आणि कोपऱ्यातला तो बारीक 'एम' की 'वाय' ते बघ!

उंचीची लोकांना नको तेवढी धास्ती असते. वीस फूट उंच झाडावरून २० मीटरवरचं जनावर बघितलं, तर जमिनीवरचं आडवं अंतर १९ मीटर भरतं. फरक एका मीटरचा. बाणाला आडवं अंतरच कळतं हे खरं, पण इथं त्याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. डोंगर-उतारावर मात्र आहे. ३० अंशांच्या उतारावर तिरपे ४० मीटर म्हणजे बाणासाठी ३४-३५. तिथं कोन धरून आकडा देणारं यंत्र कामाचं. झाडावरून बाण वर जातो तो अंतरामुळं कमी आणि कमरेऐवजी खांद्यातून वाकल्यामुळं जास्त. आधी सरळ उभा राहून धनुष्य ओढ, अँकर लाव (ओढलेला हात चेहऱ्यावर ठरलेल्या जागी टेकव), मग कमरेतून वाक. उतारावर उभं राहिलं की धनुष्यही नकळत कलतं. पाच अंश कललं तर ३० यार्डांवर बाण चार-पाच सेंटिमीटर बाजूला जातो. साइटवरचा पाणसळीचा बुडबुडा त्यासाठी असतो. तो शोभेचा नाही.

नेम कुठं धरायचा? जनावर पूर्ण आडवं किंवा तुझ्यापासून दूर तिरकं उभं असेल तरच. तोंड तुझ्याकडं असेल तर नाही. आडवं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर ये आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांब. दूर तिरकं असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यासमोर आण आणि बाण तिथून बाहेर पडेल असा नेम धर. म्हणजे अलीकडच्या बाजूला नेम बराच मागं जातो. नवशिक्याला ते खटकतं, पण बरोबर तेच आहे. झाडावरून मारताना बाण कुठून शिरतो यापेक्षा कुठून निघतो याचा विचार कर.

खालचा तिसरा हिस्सा का? कारण धनुष्याचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. ३० यार्डांवर आवाजाला ०.०८ सेकंद लागतात, बाणाला ०.३२. मधल्या पाव सेकंदात बिचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं, आणि बाण पाठीवरून जातो. नेम बरोबर होता तरी वरून गेला, असं लोक सांगतात. ते खोटं नसतं. म्हणून कान ताठ करून तुझ्याकडं बघणाऱ्या, पाय आपटणाऱ्या हरणावर बाण सोडायचाच नाही, ते २० वर असलं तरी. मान खाली घालून चरणारं हरीण वेगळं.

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, हे शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. झाडीत तू तसं करू नकोस. तुला मधली डहाळीही दिसली पाहिजे. ४० यार्डांच्या पिनेनं मारलेला बाण २० यार्डांवर तुझ्या नजरेच्या रेषेच्या वर जवळजवळ वीतभर असतो. म्हणजे नजरेला वाट मोकळी दिसते आणि बाण वरच्या फांदीला लागतो. सोडण्याआधी ४० च्या पिनेमागून बघताना २० ची पिन कुठं पडतेय ते बघ. वीस यार्डांवरची फांदी त्या पिनेमागं येत असेल, तर बाण तिथूनच जाणार. डहाळीला लागून वळलेला बाण कुठं जाईल, ते कुणी सांगू शकत नाही.

पिन थरथरते म्हणून घाबरू नकोस, सगळ्यांचीच थरथरते. ती भाकरीच्या आत फिरू दे आणि रिलीज (दोरी सोडायचा खटका) हळू दाबत राहा. पिन मध्यावर आली की झटकन सोडायची सवय लागली, तर ती सोडवायला वर्ष जातं. मी एकाला तीन महिने डोळे मिटून तीन मीटरवरून मारायला लावलं होतं. आणि 'हरीण' बघून मारू नकोस, एक केस निवड. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत फुग्यांच्या स्टॉलवर बंदुकीची माशी वाकडी असते. तरी एखादा पोरगा फुगा फोडतोच, कारण तो फळ्याकडं नाही, एकाच फुग्याकडं बघत असतो. बाकी सामानाचं एकच सांगतो. हंगामाआधी ब्रॉडहेड (शिकारीची पाती असलेली टोकं) लावून मारून बघ. ते सरावाच्या टोकांसारखे जातीलच असं नाही. तुझं धनुष्य राज्याच्या किमान पाउंडेजच्या (दोरी ओढायला लागणाऱ्या जोराच्या) नियमात बसतं का तेही बघ, विस्कॉन्सिनला ३० पाउंड आहे.

किती लांबपर्यंत? हा आकडा मला विचारू नकोस, वहीला विचार. रोज सकाळी एकच बाण. हात गरम करायला आधी दोन-चार मारायचे नाहीत, कारण झाडावर तीन तास गारठून बसल्यावर तुला मिळणार आहे तोच एक बाण. बायकोला किंवा मित्राला भाकरीएवढी कागदी प्लेट कुठंही ठेवायला सांग, तुला न सांगता. अंगावर जाकीट, पाठीवर बेल्ट, सगळं हंगामासारखं. तू अंतर ओळख, लिही, एक बाण मार, मग मोज आणि तेही लिही. अशा २० नोंदी झाल्या की बघ. ज्या अंतरापर्यंत एकही बाण प्लेटबाहेर गेला नाही, ती तुझी हद्द. मैदानावर ५० वर तू काय करतोस त्याच्याशी याचा काही संबंध नाही. माझी हद्द शेवटच्या हंगामापर्यंत २८ यार्डच राहिली. त्या हंगामात ३२ वर एक मोठा नर सात मिनिटं उभा होता. मी त्याला बघत बसलो. खुणेच्या बुंध्याच्या आत तो आलाच नाही.

बाण लागल्यावर लगेच धावू नकोस. किमान अर्धा तास थांब. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, आणि जनावर जवळच असेल. गडद, लालभडक नसलेलं असेल तर यकृत, तेव्हा काही तास थांब. हिरवट, वासाचा चोथा बाणाला दिसला तर पोट, तेव्हा सहा ते आठ तास तरी थांब. मागे लागशील तर ते उठून लांब जाईल आणि कुणालाच मिळणार नाही.

सप्टेंबरच्या आधी वीस नोंदी कर आणि वहीचे फोटो मला पाठव. ओळखलेलं अंतर एका रकान्यात, मोजलेलं दुसऱ्या रकान्यात, आणि पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिही : यार्ड की मीटर.